पोच मिळायच्या आधीचे दिवस : आमच्याकडच्या दाखल्यांच्या केंद्राबद्दल

आधी स्टार देऊन टाकते. केंद्र चालवणाऱ्या मुलाला पाचपैकी पाच. केंद्राला तीन. आणि या केंद्राचा विषय विधिमंडळात गेल्यावर जे उत्तर आलं त्याला दीड. हा दीडसुद्धा उत्तर आलं म्हणून, त्यात काय लिहिलंय त्यासाठी नाही.

मी कळव्याला राहते, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. माहेर शहापूर तालुक्यात, पार वरच्या अंगाला, कसाऱ्याच्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे केंद्र एकच आणि चालवणाराही एकच, उद्या कुणा साहेबाच्या वाचनात आलं तर सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटायचं. त्या पट्ट्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही. कुठल्याही पाड्यावर ‘दाखलेवाला कुठे बसतो’ विचारा, लहान पोरगंसुद्धा दाखवेल.

ठाण्यात राहणाऱ्यांना हा भाग आपल्याच जिल्ह्यात येतो हे बऱ्याचदा माहीत नसतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, जव्हार-मोखाडा-तलासरी तिकडे गेले, तेव्हा अनेकांचा समज झाला की दुर्गम म्हणतात ते सगळं तिकडे गेलं. राहिलेल्या सात तालुक्यांत शहापूर आहे, मुरबाड आहे, हे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून कोण आठवणार? कलेक्टर कचेरी कोर्टनाक्यावर. कसाऱ्याहून लोकलने ठाणं दीड-पावणेदोन तास, आणि आमच्या गावाहून कसारा गाठायचा ते वेगळंच. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं आमच्या तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पितेय आणि मे महिन्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. हे इतक्यांदा बोलून झालंय की त्यावर आता कुणी चिडतसुद्धा नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला खुला झाला, तोही आमच्याच डोंगरांतून. गाड्या बोगद्यातून सुसाट नागपूरला जातात. खाली गावात मात्र फोन लावायचा तर शाळेमागच्या टेकाडावर चढायचं.

आता केंद्र. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली. एक टेबल, लॅपटॉप, स्कॅनर-प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, इन्व्हर्टर, आणि भिंतीवर दरांचा फलक. फलक खरंच लावलेला आहे आणि त्यावर लिहिलेत तेवढेच पैसे घेतले जातात. हे मी मुद्दाम सांगतेय. ठाण्यात एका केंद्रात मी भाच्याच्या नॉन क्रिमीलेयरसाठी गेले होते, तिथे फलक होता पण त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं. ‘अर्जंट’चा भाव तोंडी. गावात हा प्रकार नाही. पावतीवरचा आकडा आणि हातातून गेलेले पैसे एकच.

मुलगा ठाकूर समाजातला, बी.ए. झालेला, तिशीच्या आतला. बोलणं कमी, हात चालू. त्याच्याकडून आईच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं काम करून घेतलं, तेव्हा बाजूला बसून बघत होते. दाखला कशासाठी, तर श्रावणबाळ योजनेसाठी. ६५ च्या पुढचं वय, महिन्याला १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. भागून बघा, महिन्याला १,७५० होतात. अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढली, पण एवढ्या पैशात घर चालल्याचा ताळेबंद मला कुणी मांडून दाखवलेला नाही. असो, अट ती अट.

ऑनलाइन अर्जाला फोटो लागतो १६० बाय २०० पिक्सेलचा, वजनाने ५ ते २० केबीच्या मधला. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो कापत, दाबत, आणखी दाबत त्याने २० च्या खाली आणला. आई वाकून स्क्रीनकडे बघत होती.

“माजी फुली कुठं गेली रं?”

“आजी, फुलीला केबी लागतात. सरकारला तोंड पाह्यजे नुसतं.”

आई हसली, पण तिला ते पटलं नव्हतं. मग त्याने फोटो पुन्हा उघडला, नाकाच्या जागी दोन बोटांनी मोठा करून दाखवला, तिथे एक पांढुरका ठिपका होता. “ही बघा, हाय.” तेव्हा कुठे आई खुर्चीत टेकून बसली. बाहेर रांगेत सात-आठ माणसं होती आणि तरी त्याने हे केलं. पाच स्टार मी याच्यासाठी दिलेत, काम लवकर झालं म्हणून नाही. लवकर झालंच नाही.

तोच मुलगा बँकेचंही काम करतो. योजनेचे पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि ते काढायला मशीनवर अंगठा. जन्मभर नाचणी लावलेल्या बायकांच्या अंगठ्यावर रेषा राहतात कुठे? आईच्या शेजारची कातकरी म्हातारी, तिचा उजवा अंगठा मशीन घेईना, डावा घेईना. त्याने ओल्या फडक्याने तिची दहाही बोटं एकेक करून पुसली, कोरडी होऊ दिली, आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटावर मशीनला हिरवा दिवा लागला. मग त्या बाईच्या नावासमोर वहीत त्याने लिहून ठेवलं : डावं मधलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दहा बोटं पुसायला नकोत.

या वहीबद्दलच मला जास्त लिहायचंय.

केंद्रातली अडचण रेंजची. टॉवर पलीकडच्या गावात, लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, आणि पावसाळ्यात लाइट जाते ती जातेच. लॅपटॉपवर अर्ज भरता येतो, कागद स्कॅन करून ठेवता येतात, पण पुढे पाठवायला नेट पाहिजे. म्हणून हा मुलगा दिवसभर कागद घेतो, संध्याकाळी लॅपटॉप सॅकमध्ये टाकून मोटारसायकलवर हायवेला जातो आणि तिथे एका ढाब्यावर बसून जेवढे चढतील तेवढे अर्ज चढवतो. पेट्रोल त्याचं. चहा त्याचा. धो धो पाऊस असेल तर तेवढंही नाही, लॅपटॉप भिजला तर सगळंच बंद. जूनमध्ये तर दहावी-बारावीच्या मुलांचे दाखले एकदम येऊन पडतात आणि नेमकं तेव्हाच नेट पाण्यात.

तर त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे. त्यात प्रत्येक अर्जाला दोन तारखा. पहिल्या रकान्यात कागद हातात आले ती, दुसऱ्या रकान्यात अर्ज चढला आणि नंबर मिळाला ती. कुणी सांगितलं नव्हतं, लोक भांडायला लागले म्हणून त्याने सुरू केलं. मी पानं चाळली. एका मुलीचा जातीचा दाखला : पहिल्या रकान्यात १२ जून, दुसऱ्यात २८ जून. एकाचं रहिवासी : पाच दिवस. एकाच्या दुसऱ्या रकान्यात नुसती फुली, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘शहापूरला जाऊन केलं’. म्हणजे दाखला झाला, पण त्यासाठी बापाची एका दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं गेलं.

सरकारी हिशेबात हे दिवस येतच नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. चांगला कायदा आहे, कुणी काही म्हणो. सेवेला ठरलेली मुदत, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला ४५. मुदतीत मिळाला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, तिसरं थेट आयोगाकडे. कारण नसताना उशीर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण मुदत मोजायची कधीपासून? सगळ्या कागदांसह पूर्ण अर्ज मिळाला तेव्हापासून, आणि त्याची पोच म्हणजे तो नंबर. आमच्या त्या मुलीचे ४५ दिवस २८ जूनला सुरू झाले. १२ ते २८ हे दिवस कुणाच्याच खात्यावर पडत नाहीत. आमच्या ऑफिसात पुरवठादाराचं बिल इनवर्डला नोंदवेपर्यंत त्याची देय तारीखच पडत नाही. बिल टेबलावर महिनाभर पडून असलं तरी महिनाअखेरच्या यादीत थकबाकी शून्य. हे तसंच आहे.

त्यात आमचा भाग असा की दाखला गावात मागायचा, तलाठ्याचा अहवाल सजाच्या कार्यालयातून आणायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण एका माणसाकडे अनेक गावं हे काही बदललेलं नाही), आणि जातीच्या दाखल्यावर सही भिवंडीच्या प्रांतांची. आदिवासी मुलाला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, ६ सप्टेंबर १९५० ही तारीख. कातकरी कुटुंबाकडे १९५० चा कागद? पणज्याचं नाव कुठे लिहिलेलं सापडलं तर शाळेच्या नाहीतर महसुलाच्या जुन्या दप्तरात, आणि ते शोधायला तालुक्याला खेटे. त्यामुळे अर्ज ‘पूर्ण’ व्हायलाच जो वेळ जातो, तो मुदतीच्या बाहेरचा. ठाण्यात घराखाली उतरलं की केंद्र, त्यामुळे तिथे पहिला रकाना आणि दुसरा रकाना एकच. तोच कायदा, तीच मुदत, आणि दोन ठिकाणी दोन वेगळ्या सेवा.

माझा भाऊ गावात राहतो, जरा पुढेपुढे करणारा आहे. त्याने वहीतल्या पानांचे फोटो काढले, नावं खोडली आणि निवेदनाला जोडून एका आमदारांना दिले. आमदारांचं नाव, पक्ष लिहीत नाही, नाहीतर खाली लोक केंद्र सोडून पक्षाला स्टार देत बसतील. मला वाटलं, निवेदन गेलं फायलीत. पण नाही, त्यांनी तो विषय सभागृहात काढला. मला भावाने लिंक पाठवली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मोबाइलवर बघितलं. अगदी थोडा वेळ मिळाला त्यांना. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या लहान लहान पाड्यांना सरकारी सेवा वेळेत मिळत नाहीत, केंद्रांना नेट नाही, मुलांचे प्रवेश हुकतात, असं ते बोलले. चांगलं बोलले. मागे दोघं-तिघं आपसात गप्पा मारत होते, समोरची बरीच बाकं रिकामी, पण ते कामकाजात नोंदलं गेलं.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी : तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि सभागृहात पोटप्रश्न विचारता येतात. तेही तुमच्या प्रश्नाची पाळी प्रश्नोत्तराच्या तासात आली तर. बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत. औचित्याचा मुद्दा काढला की विषय मांडला जातो, मंत्र्यांनी उभ्याउभ्या उत्तर देण्याचं बंधन नसतं. आमच्या आमदारांनी आधी मुद्दा मांडला, मग लेखी विचारणा केली. या छापील याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि मी सांगते, वाचाच. त्यांची एक ठरलेली चाल असते. ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरात पहिल्याला ‘हे खरे नाही’ आलं की खालचे दोन्ही गडगडत जातात : प्रश्न उद्भवत नाही.

आमच्या बाबतीत तेच झालं. विचारलं होतं : या भागातले अर्ज मुदत उलटूनही प्रलंबित आहेत, हे खरं आहे काय? उत्तर आलं, अर्ज विहित मुदतीत निकाली काढण्यात येत आहेत. भाऊ भडकला, खोटं बोलतात म्हणाला. मी त्याला म्हटलं, अरे खोटं कुठे आहे? कॉम्प्युटरवर बघ. २८ जूनला नंबर पडला, दाखला ४५ दिवसांच्या आत निघाला. मुदतीतच आहे. त्यांनी दिलं ते बरोबर उत्तर आहे, फक्त ते दुसऱ्या रकान्याचं आहे. पहिल्या रकान्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही.

मला आमदारांवर राग नाही. ते उभे राहिले, लहान गावांसाठी वेळ खर्च केला, एवढंही बाकीचे करत नाहीत. माझी तक्रार एवढीच की हातात वहीची पानं असताना प्रश्न ‘प्रलंबित किती’ असा गेला. असा प्रश्न दरवर्षी जाईल आणि दरवर्षी हेच स्वच्छ उत्तर येईल. विचारायचं होतं : अमुक भागातल्या केंद्रांत जून महिन्यात रोज किती अर्जांना नंबर पडला, आणि किती दिवस एकाही अर्जाला पडला नाही? ही आकडेवारी तर कॉम्प्युटरमध्येच आहे, वहीसुद्धा नको. पंधरा दिवस एकही अर्ज नाही आणि सोळाव्या दिवशी चाळीस, हे दिसलं की ‘हे खरे नाही’ लिहिताना खालच्या बाबूचा हात जरा थांबेल. भावाला हे कागदावर लिहून दिलंय. पुढच्या अधिवेशनाच्या आधी जाणार आहे तो.

दुसरं म्हणजे, कायद्यात पोच लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक असं दोन्ही म्हटलंय. मग नेट नसेल त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची हाताने लिहिलेली पोच द्यायला आणि मुदत तिथून धरायला काय हरकत आहे? केंद्रचालक हा काही कायद्याने नेमलेला पदनिर्देशित अधिकारी नाही, त्यामुळे त्याच्या वहीला आज किंमत शून्य. उद्या त्याला शहापुरात कुठे नोकरी लागली की वहीही जाईल आणि ‘डावं मधलं’सुद्धा. त्या मुलाचं उत्पन्न म्हणजे अर्जामागे जे काही सुटतं ते, त्यातून पेट्रोल वजा. टिकेल किती दिवस, मला शंका आहे.

केंद्राला तीन का, तेही सांगते. खोलीत पंखा नाही. बायकांना बसायला बाक बाहेर, पत्र्याखाली, आणि पत्रा एका बाजूने गळतो. प्रिंटरची शाई संपली की दुसरी यायला तालुक्याला कुणीतरी जावं लागतं. पाण्याचा माठ आहे, तो भरलेला असतो. संडास बंद, कुलूप लावलेलं.

जाणार असाल तर : बाजाराच्या दिवशी जाऊ नका, रांग रस्त्यापर्यंत येते. सकाळी नऊच्या आत पोचा, तेव्हा कधीकधी रेंज असते आणि अर्ज तिथल्या तिथे चढतो. सगळ्या झेरॉक्स कसाऱ्याला किंवा आसनगावला स्टेशनबाहेर काढून न्या. रेशनकार्डाचं पहिलं आणि शेवटचं, दोन्ही पानं लागतात. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या, पत्रा गळतो हे सांगितलंच. सातबारा हवा असेल तर त्यासाठी मुळीच जाऊ नका, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ठाण्यात बसून मोबाइलवर निघतो. आणि कागद दिल्यावर त्या मुलाला म्हणायचं, “दादा, वहीत तारीख टाक आणि मला त्याचा फोटो काढू दे.” तो नाही म्हणत नाही.